मार्कांचा रविवार

आमच्याकडे जावयाला उलट बोलत नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान दर रविवारी नांदगावहून सकाळच्या गाडीने नाशिकला यायचे. मी तापट बाई, साऱ्या गल्लीशी भांडणारी. पण पाहुणे आले की मुकाट ताट वाढायचे.

ते यायचे लेकीचे मार्क विचारायला. माझी भाची बारावीला. डॉक्टर व्हायचं म्हणून माझ्याकडे राहून क्लास करत होती. चाचणीचे मार्क शनिवारी संध्याकाळी तिच्या मोबाइलवर यायचे. पाहुणे स्वतः शाळेत मास्तर. पायही न धुता मार्क विचारायचे. कमी असले की सणसणीत कानाखाली, आणि मग तिच्या आईने दिलेला डबा स्वतः उघडून मायेने तिच्यापुढे ठेवायचे. सुजल्या गालाने ती तो संपवायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण पोळ्या लाटणं चालूच.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी फिजिक्समध्ये फारच कमी पडले. पाहुण्यांनी कमरेचा पट्टा काढला. पोरगी मागे सरली नाही.

"बाबा, आज नका मारू. मारून झालंय," ती म्हणाली आणि बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ. "काल मार्क आले तव्हाच मी पट्टीनं मारून घेतलं. तुमची वाट कशाला बघायची?"

पाहुण्यांसाठी वाढलेलं ताट माझ्या हातात होतं. ते मी त्यांच्या अंगावर भिरकावलं. आमटी शर्टभर झाली, वाटी कपाळाला लागली.

"अक्का, डोकं फिरलं काय तुमचं?" ते ओरडले. "ह्या हातानं लय पोरं घडवलीत मी!"

"लोकांची घडवली आणि पोटची मोडली!"

त्यांनी मला ओट्यावर ढकललं. माझ्या हाताला लाटणं लागलं. खरं सांगते, मी त्यांचं डोकं फोडलं असतं. पण मागून चटाचट आवाज आला. पोरगी दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारत होती. "भांडू नका, मीच मारते, मीच मारते." ओठ फुटून रक्त आलं तरी थांबेना. पाहुण्यांनी पट्टा टाकून तिचे हात धरले. एवढ्याशा पोरीचे हात त्या धिप्पाड माणसाला आवरेनात. मग आम्ही दोघांनी मिळून ते धरले, आणि पाहुणे ओक्साबोक्शी रडले.

सोमवारी तिघंही मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई, पण ठाम. त्यांनी पाहुण्यांना बजावलं, मार्क विचारायचे नाहीत, तिने सांगितले तर फक्त ऐकायचे. अभ्यासाआधी तिची झोप बघायची. आणि तिला सांगितलं, मारून घ्यावंसं वाटलं की हात दाबून धर आणि हाक मार, एकटी राहू नकोस. पाहुणे रविवारी येत राहिले, पण मार्क सोडून लेकीशी बोलायचं काय, हेच त्यांना कळेना. बिचारे नांदगावच्या थंडीबद्दलच बोलायचे.

परवाच्या रविवारी मार्क उशिरा आले, पाहुणे घरात असतानाच. पुन्हा कमी. "मावशी!" अशी हाक आली आणि मी पिठाच्या हातांनी धावले. ती खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"हे हात सोडले तर मलाच मारतील गं."

"नको सोडू," मी म्हटलं. डबा समोरच उघडा होता, आणि पाहुणे शेजारी खांबासारखे उभे. "पाहुणे, बघता काय? हिचे हात मोकळे नाहीत. भरवा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि हात तिच्याकडे नेला. तो हात येताना दिसला तशी तिने मान आत ओढली, डोळे गच्च मिटले. हात तिथेच थांबला. पाहुण्यांनी तो पुढे नेला नाही की मागे घेतला नाही. भाजीचा रस मनगटावरून ओघळत होता. बऱ्याच वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून, तिने तोंड उघडलं.