हात खिशात

टेस्टरकाकांना टेस्टर लागत नसे, म्हणून तर लोक त्यांना टेस्टरकाका म्हणत. तारेत वीज आहे की नाही, हे ते बोटाची मागची बाजू लावून सांगत, आणि वर ऐट अशी, की जणू वीज त्यांच्या घरी पाणी भरते! लेकीला मात्र त्यांनी फार जपून तयार केलं होतं. "खिसा!" म्हटलं की हातातलं टाकून दोन्ही हात खिशात; कारण नंतर विचारायचं. जेवताना, भांडी घासताना, कधीही ओरडायचे. बायको वैतागून म्हणे, "अहो, निदान घास तरी गिळू द्या पोरीला!"

त्या दुपारी बापलेक एका लाँड्रीत गेले होते. धुलाईच्या मशीनमागचा, भिंतीवरचा दिवा लागत नव्हता. काकांनी मेन स्विच पाडला, उघड्या तारेला बोट लावलं आणि निकाल दिला, "काही नाही हिच्यात. घे जोडायला."

फरशीवर साबणाचं पाणी होतं, चपला घसरत होत्या. लेकीने त्या दारात काढल्या आणि ती अनवाणीच कामाला लागली.

काका शेजारच्या इस्त्रीच्या खोलीत पाणी प्यायला गेले. मानेवर वारा आला. बरं वाटलं, आणि लगेच त्यांनी वर पाहिलं. मेन पाडलाय, मग पंखा कसा फिरतोय?

"इन्व्हर्टर आहे ना," इस्त्रीवाली म्हणाली. "दिवे-पंखे सगळे त्याच्यावरच."

दिवे! म्हणजे ती तारसुद्धा. मग आपल्याला झटका कसा नाही बसला? त्यांनी खाली पाहिलं. पायात जाड रबरी तळाचे बूट. विजेला वाहायला वाट लागते: तारेतून अंगात, अंगातून जमिनीत आणि तिथून माघारी. बुटांनी ती वाट अडवली होती, एवढंच. आणि लेक ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती.

ते दाराशी धावले. लेकीची बोटं तारेची उघडी टोकं पिळायला पुढे चालली होती. ओढायला जावं, तर दचकून हात नेमका तारेवरच पडायचा. जन्मभर ओरडले, तसेच ते दारातूनच ओरडले.

"खिसा!"

लेकीचे हात खिशात गेले. "बाबा, कामात चेष्टा नको हं," ती चिडून म्हणाली.

काकांनी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला आणि त्याच्या दोन वायरींची टोकं तारांना लावली. बल्ब लख्ख पेटला. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्ही तर हात लावून बघितलं होतं ना?"

"बूट घालून बघितलं होतं, पोरी."

इस्त्रीवालीने घाईघाईने इन्व्हर्टर बंद केला. पंखा थांबला. काका पुढे झाले आणि सवयीने त्यांचं बोट पुन्हा तारेकडे निघालं.

"खिसा," लेक हळूच म्हणाली आणि तिने त्यांच्याकडून लॅम्प घेतला.

काकांचे दोन्ही हात निमूट खिशात गेले. लेकीने चपला घालून, तपासून, सगळं काम उरकेपर्यंत काकांनी ते बाहेर काढले नाहीत.