गाणं संपल्यानंतरची टेप

“छ्या! घाण आहे, भिया. पुसून टाका.”

टेप थांबवून ते असं तोंड करायचे, जणू दुधात माशी निघाली.

तुकोगंजमधल्या आमच्या सरकारी ऑफिसात ते आवक-जावक बघायचे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, तरी मला ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, मान खाली घालून काम करणारा, आणि डोक्यात भलतंच काही चाललेलं. यांच्या डोक्यात चाली असायच्या. वडील महूच्या पलटणीत बँडवाले. त्यांचं क्लॅरिनेट यांच्याकडे आलं होतं. स्वतःच्या चाली टेपवर उतरवायच्या, एवढाच ध्यास. आणि टेपरेकॉर्डर होता माझ्याकडे. मामांनी परदेशातून आणलेला, सुटकेसएवढा.

दर रविवारी दुपारी ते आमच्याकडे यायचे. आम्ही दोघेही अडाणी. पहिल्या टेपवर टांग्याची घंटा, घड्याळाची टिकटिक, शेजाऱ्यांचं भांडण, सगळं आलं. क्लॅरिनेट तेवढं लांबून रडत होतं.

“ही माझी फुंक की म्हशीचा सुस्कारा? बिलकुल घाण!”

मग घड्याळ बाहेर गेलं. खिडक्यांना रजया लागल्या. माइक टेबलावर ठेवला की मशीनची घरघर येते हे कळल्यावर तो दोरीनं टांगला. पंखा बंद करून, घामानं निथळत ते वाजवायचे. गाण्याच्या आधी आणि नंतर टेप थोडी कोरी चालू द्यायची, ही त्यांचीच युक्ती. “सूर विझायला जागा लागते, भिया.”

आमच्या आईला त्यांची एक चाल फार आवडायची. त्यांनी ती स्वतःच्या आईवर रचली होती. तांदूळ निवडताना आमची आई ती गुणगुणायची. “चाल गोड आहे हो तुमची,” असं दारातून सांगायची. ते लाजायचे.

त्या रविवारी तीच चाल वाजवली. मध्ये कुठे काही अडलं नाही. शेवटचा सूर विझला, टेप थोडी कोरी चालली, मी बटण दाबलं. बायकोनं चहा आणून दिला. आम्ही ऐकायला बसलो. ते डोळे मिटून ऐकत होते. पहिल्यांदाच तोंड वाकडं झालं नाही. गाणं संपलं. आणि टेपवरच्या त्या कोऱ्या जागेत, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज आला, बायकोला काही सांगणारा, भरताना आमच्या ध्यानातही न आलेला.

“त्यांचा कप अलग ठेव गं. मागच्या वेळी आपल्यात मिसळला होता. आणि ते गेले की खुर्ची पुसून घे.”

माझा हात बटणाकडे गेला, पण उशिरा.

त्यांनी चहा संपवला. कप घेऊन मोरीवर गेले, स्वतः धुतला, पालथा घातला. मी उठलो नाही.

“शिकलो एकदाचे,” क्लॅरिनेट पेटीत ठेवत ते म्हणाले. “हरेक आवाज एकदम साफ आला.”

कप वेगळा होता हे मला ठाऊक नव्हतं, असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. ठाऊक होतं. कान फुटका होता त्याचा. मी तो रोज फळीच्या टोकाला पाहायचो. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मी काय वाईट बोलले? चांगला माणूस आहे तो.” मला तिची किळस आली आणि तिच्यापेक्षा जास्त माझी.

ते परत आले नाहीत. ऑफिसात नमस्कार करायचे, चौकशी करायचे. मी माफीचं वाक्य मनात रचायचो आणि फाइल उघडायचो.

वर्षभरानं त्यांची जबलपूरला बदली झाली. मी स्टेशनवर गेलो. ब्लेडनं आईचा आवाज कापून काढलेली टेप बरोबर नेली होती.

“आता फक्त गाणं आहे,” मी म्हणालो.

त्यांनी डबी उलटसुलट पाहिली आणि माझ्या हातात परत दिली.

“गाणं मला येतं, भिया. कापलेला तुकडा आणायचा होता. तो घेऊन तुम्ही आला असतात तर आपण काही बोललो असतो.”

गाडी हलली. ते खिडकीशी बसले होते, पेटी मांडीवर. त्यांनी हात केला, अगदी नीट, ऑफिसात करायचे तसा. मीही केला.