केळीवाल्यांच्या घरात केळं बंद

मी धुळ्याची, बी.एस्सी. झालेली, आणि दिली फैजपूरकडच्या केळीवाल्यांच्या घरात. ती बी.एस्सी. मी पहिली काही वर्षं कुंकवासारखी कपाळावर मिरवली. आज त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझीच, आठवण आली की हसू येतं. तेव्हा हसायला अंगात त्राण नव्हतं.

मुलगी सात महिन्यांची झाली आणि उष्टावण ठरलं. माझ्या भावानं, म्हणजे तिच्या मामानं, चांदीच्या वाटीतली खीर चाटवली. मग सासऱ्यांनी (त्यांना सगळे आबा म्हणत) आपल्या मळ्यातलं केळं बोटानं कुस्करून तिच्या ओठाला लावलं. अर्ध्या तासात पोरीच्या गालांवर गांध्या उठल्या, एक डोळा सुजून बंद झाला. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी शास्त्र शिकलेली. साऱ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं की हे केळ्यानं झालंय, यापुढे बाळाजवळ केळं यायचं नाही. मारुतीच्या देवळात तेल बंद केल्यासारखंच ते.

दुसऱ्या दिवशी पिकायला ठेवलेले घड आबांनी खळ्यातल्या खोलीत हलवले. मळ्यातून आले की नातीला घेण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. तरी मी त्यांना परत धुवायला लावायचे आणि वर नखं बघायचे. ज्या हातांनी माझ्या जन्माआधीपासून केळी लावली, ते हात मी शाळेच्या बाईसारखे तपासले.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही नखाएवढा. सकाळीच द्यायचा, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. मग चार दिवस दुसरं नवं काही नाही. ज्याचा संशय आहे ते सगळ्यात शेवटी, आणि घरी नाही, त्यांच्यासमोर. ओठ सुजले, श्वास अडला, तर घरचे उपाय करत न बसता तडक दवाखाना. दवाखाना एस.टी.नं दीड तासावर होता.

मी कॅलेंडरवर लिहू लागले. भात. मुगाचं वरण. बटाटा. भोपळा. एकेका घासामागं चार दिवसांचा पहारा. सासूबाई घ्यायला आल्या तरी पोरगी त्यांच्याकडे द्यायची नाही, कारण शास्त्र न शिकलेल्या त्यांना गांध्या दिसणार कशा? एकदा तर गाल लाल झाला का म्हणून इतका चोळून पाहिला, की तो लाल झालाच. थकवा असा की बसल्या जागी डोळा लागायचा आणि दचकून पहिला हात तिच्या छातीवर जायचा.

या पहाऱ्याच्या तिसऱ्या महिन्यात खारकेची पाळी आली. खारीक कुटून, पेजेत घालून दिली. वाटी खाली ठेवते न ठेवते तोच तोंडाभोवती गांध्या, आणि या वेळी खोकला. शेजारच्यांच्या जीपनं जळगाव गाठलं. वाटभर मी तिचा श्वास ऐकत होते. जीपच्या आवाजात तो मधूनमधून हरवायचा. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

घरी आल्यावर कॅलेंडरवर खारकेवर काट मारली आणि रडू फुटलं. आज खारीक, उद्या ज्वारी. हिला या घरात खायला उरणार काय, असं मी सासूबाईंना विचारलं. त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, खारीक कशात कुटली? म्हटलं, खलबत्त्यात. त्याच्या आधी त्यात काय कुटलं होतं? भाजीसाठी दाण्याचा कूट. आमच्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही.

"अन् उष्टावनाच्या खिरीतली वेलची?"

ती मीच कुटली होती. सकाळी पाहुण्यांच्या भाजीसाठी ढीगभर दाणे कुटले, त्याच खलात लगेच वेलची.

"पुसला होता मी," मी म्हटलं.

लोखंडी खल गंजतो म्हणून आमच्याकडे तो धूत नाहीत, फडक्यानं पुसतात. मलाही त्यांनीच तसं शिकवलं होतं. त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "मंग त्या केयाले काहून फाशी देली व माय?"

खलाची गोष्ट ऐकून डॉक्टर म्हणाले, दाण्यांचाच संशय जास्त. पण केळ्याची परीक्षा इथेच घेऊ. त्या दिवशी आबा बरोबर आले. धुतलेल्या रुमालात एकच केळं, बहुतेक मळाभर हिंडून निवडलेलं. दवाखान्याच्या नळावर त्यांनी दोनदा हात धुतले आणि माझ्यासमोर पसरले.

"घे माय, पाहून घे."

मी पाहिलं नाही. पाहवलं नाही.

डॉक्टरांनी आधी नखाएवढं दिलं, मग थांबून थोडं आणखी. दोन तास आम्ही बाकावर बसून होतो. पोरीच्या गालावर काही उठलं नाही. उरलेलं केळं तिनं आबांच्या हातातून ओढून घेतलं आणि निम्मं त्यांच्या सदऱ्याला पुसलं.

दाणे तिला आजही चालत नाहीत. कूट गेला, खल गोठ्याच्या माळ्यावर गेला, आणि घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेलही गेलं. आबांना खिचडीवर कच्चं तेल लागायचं, धार धरून. त्यानंतर त्यांनी ती कोरडीच खाल्ली. मी एकदा म्हटलं, तुमच्यापुरतं वेगळं तेल ठेवू का? ते म्हणाले, मग जेवल्यावर तू परत हात तपासशील.

मी ताट उचललं आणि आत गेले.