कोलोरॅडोत घातलेला गोग्रास

अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावातल्या आमच्या गराजमधली सायकल नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, डोळ्यांसमोर नको होती. रिटायर झाल्यापासून मी ती चालवत नाही, नुसती पुसतो, असं तिचं म्हणणं. कोलोरॅडोला फिरायला निघताना शेवटी ठरलं: डोंगरातला मोठा चढ मी एकदाही पाय न टेकता चढलो तर सायकल राहणार. नाहीतर परत आल्यावर डोनेट करायची.

डोंगराखालच्या दुकानात सायकली भाड्याने मिळतात. नंदाने बॅटरीवाली घेतली. दुकानदाराने मला नीट न्याहाळून विचारलं, "तुम्हालाही तीच देऊ का?"

"मी पुण्यात वाढलोय," मी म्हटलं. त्याला बिचाऱ्याला काय कळणार.

सुरुवातीला अ‍ॅस्पेनचं (पांढऱ्या खोडाचं, जराशा वाऱ्यानेही सळसळणारं झाड) जंगल लागलं. सावली, मऊ माती, बाजूला ओढा. मी चक्क गुणगुणत होतो. मग जंगल संपलं आणि कुरण उघडलं. गुडघाभर गवत, जांभळी-पिवळी फुलं, वर शिखरावर ऐन जुलैत बर्फ आणि या सगळ्यातून सरळ आभाळात घुसणारा तो चढ. माझं गुणगुणणं बंद पडलं.

"आधी खाऊन घेऊ," मी म्हटलं.

"चढ बघून भूक लागली वाटतं," नंदा म्हणाली.

कापडी पिशवीतून दशम्या काढल्या. जवळच एक काळी गाय चरत होती. आता समोर गाय असताना आपण आधी खायचं म्हणजे घास घशाखाली उतरेना. आमची आई रोज गोग्रास काढायची, आणि अमेरिकेत इतक्या वर्षांत मला तो योग कुठला यायला? मी गाईला एक दशमी दिली, नमस्कारही केला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मान वर केली तर कुरणातल्या झाडून सगळ्या गाई माझ्याकडे धावत येत होत्या.

"अहो, निघा आता," नंदा म्हणाली आणि बॅटरीच्या जोरावर दिसेनाशी झाली.

पिशवी गळ्यात अडकवून मीही सुटलो. मांड्या भरून आल्या, छाती फुटायची वेळ आली, पण मागे एवढ्या खुरांचा आवाज असताना पाय टेकायची कुणाची हिंमत आहे? मी रडकुंडीला आलो होतो, हे लपवत नाही.

चढ संपला तिथे कुंपण होतं. घोड्यावर बसलेली एक बाई, त्या गाईंची मालकीण, फाटक उघडून उभी होती. मी आत शिरताच तिने ते लावून घेतलं.

"मीठ आणलंत का त्यांच्यासाठी?" तिने विचारलं. "आम्ही पिशवीतून मीठ आणतो. पिशवी दिसली की त्या धावतात."

धापा टाकत मी पिशवी पुढे केली. तिने दशमी वास घेऊन खाल्ली, मग आणखी एक मागितली. कुंपणापलीकडे सगळा कळप आशेने बघत होता.

"पाय टेकला नाहीत, हे कबूल," आधीच वर पोचलेली नंदा म्हणाली. "पण तुमची मोटर मागून धावत होती."

सायकल राहिली. मात्र नेपरव्हिलला आल्यावर ती पुन्हा पुसण्यापुरतीच उरली, कारण मागे कुणी नसलं की माझे पाय चालत नाहीत. हे नंदाने ओळखलं. मागच्या महिन्यात तिने स्वतःसाठी बॅटरीवाली सायकल आणली. आता रोज संध्याकाळी मी पुढे आणि ती मागे. मी जरा रेंगाळलो की ती शांतपणे हंबरते.