मीनू म्हणजे स्वर्ग

माझ्या मुलीचं नाव ठेवण्याचा अधिकार मला मिळाला होता. तो पाळण्याच्या एका झोक्यापुरता टिकला.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी म्हैसूरला, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात आलो आणि इथल्याच मराठी घराचा जावई झालो. सासऱ्यांचे, म्हणजे अप्पांचे, पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होते. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात निम्मं कन्नड. मला कन्नड येत नव्हतं. (भाजीवाल्याशी मी बोटांनी बोलायचो. तोही बिचारा बोटांनीच फसवायचा.)

मुलगी झाली तेव्हा मी जाहीर केलं, नाव मीच ठेवणार. पुण्यात आमच्या शेजारी एक पारशी बाई राहायच्या. त्यांच्याकडून ऐकलेलं एक नाव मी लग्नाआधीपासून मनात जपून ठेवलं होतं: मीनू. इराणातला फार जुना शब्द. आधी अर्थ होता आत्म्याचं, न दिसणारं जग. पुढे फारसीत झाला स्वर्ग. बायकोला, वासंतीलासुद्धा मी पत्ता लागू दिला नाही.

कुवेंपुनगरात सासुरवाडीलाच बारसं झालं. माझ्या बहिणीनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "मीनू!"

पाळणा हलवणारे हात थांबले.

"मीनु?" अप्पा म्हणाले. "अय्यो, जावईबापू, कन्नडात मीनु म्हणजे मासा की. मीनाक्षी ठेवलं असतं तर नुसते डोळे माशाचे. तुम्ही आख्खा मासाच पाळण्यात घातलात."

"फारसीत त्याचा अर्थ स्वर्ग," मी म्हणालो.

"स्वर्ग?" सासूबाईंनी बाळाला उचलून छातीशी धरलं. "पोर अजून डोळे नीट उघडत नाही, आणि आत्ताच स्वर्ग?"

मी पाठिंब्यासाठी शेजारच्या अज्जींकडे वळलो. त्यांना मराठी कळत नसे, म्हणून खास पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मीनू तुंबा चेन्नागिदे." मीनू फार छान आहे, असं मला म्हणायचं होतं. पण क्रियापद माणसाचं नव्हतं, वस्तूचं होतं. मासे फर्मास झालेत, असं मी त्या कांदासुद्धा न खाणाऱ्या बाईंना सांगितलं होतं. त्यांनी हातातलं ताट हळूच खाली ठेवलं.

वासंती पुढे आली. तिनं बाळ घेतलं, नणंदेला खुणावलं, आणि कानात दुसरं नाव गेलं: नलिनी. सगळ्यांना हायसं वाटलं. अज्जींनी ताट पुन्हा उचललं.

मी भडकलो. "नाव हिनं ठरवायचं, अर्थ अप्पांनी सांगायचा, मग या घरात मी कोण?"

घर हसून लोटपोट झालं. अज्जींना तर ठसका लागला. मराठी न कळणाऱ्या बाई का हसतात ते मला कळेना.

"कन्नडात कोण म्हणजे रेडा," वासंती हलकेच म्हणाली. "वर्षभरात पहिल्यांदाच तुमचं कन्नड बरोबर आलं."