पिशवी काढतील याचं भ्या
आत्ताच सांगते, न्हाईतर परत धीर व्हायचा न्हाई. आज दवाखान्यात स्पिरिटचा वास आला अन् आष्टीच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवली. थोरला अजून अंगावर पीत होता अन् मला परत दिवस राहिले, म्हणून पाडायला गेलते. आमच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या कितीतरी बायांची गर्भपिशवी काढलेली, त्या धास्तीनं मी टेबलावर सिस्टरचा हातच सोडीना. “ताई, माझी पिशवी तर काढणार न्हाई ना?” “येडी का गं? नळीनं आतलं ओढून घेत्यात, पिशवी जागेवरच राहती. हात सोड, बोटं मोडशील माझी.” दहा मिनिटं पाळीवानी कळा आल्या अन् झालं. तासभर पडले, चहा प्याले, लई हलकं वाटलं. आता मांडीवर तीन महिन्यांची लेक हाय. तुमाला बी असं भ्या वाटलंतं का?