कळकलेलं आगळ

नवऱ्याच्या यकृताला सूज आहे म्हटल्यावर मी कंबर कसली. सारा जन्म बोटीवर काढलेला माणूस, आता कुठे निवृत्त होऊन रत्नागिरीत माझ्या ताब्यात आला होता. म्हटलं, मीच बरा करते! मोबाईलवर कुणीतरी सांगत होतं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी यकृताला चांगलं. लगेच माळ्यावरची सासूबाईंची कळशी काढली. आतून पांढुरकी, डागाळलेली. ती तांबं अन्नात उतरू नये म्हणून दिलेली कथलाची कलई होती, घाण नव्हे, एवढंही मला सुचलं नाही. चिंच आणि राख लावून अशी घासली की आतूनही लालबुंद झाली.

नुसतं पाणी काय द्यायचं? त्यात कोकमाचं आगळ घातलं, पित्तावर उत्तम म्हणून. रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पेला त्यांच्यासमोर धरायचा.

“कळकलंय गो हे, भांड्याची चव उतरलेय,” तोंड वाकडं करत ते म्हणाले.

“तुमची जीभ कळकलेय! बोटीवर काय काय प्यायलात, तेव्हा बरं गोड लागलं?”

बिचारे रोज निमूट प्यायले. मग उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसायला लागले, आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखाना गाठला. रक्ताचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट.

“घरगुती औषध वगैरे काही?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे, काही नाही,” हे म्हणाले. मला पाठीशी घालत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

“मी देत होते,” मी म्हटलं, आणि कळशीचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, “थोडं तांबं, थोडं जस्त यकृताला लागतंच. त्यांच्या जोरावर यकृत आपल्या पेशींवर चढणारा गंज थोपवतं. पण आंबटात उतरलेलं जास्तीचं तांबं उलट गंज चढवतं, तेही आधीच दमलेल्या यकृतावर. सगळं त्यानंच झालं असं नाही, पण भर नक्की पडली.”

“कलई करून घेतली तर?”

“कलईत शिसं असलं तर? त्याचा शरीराला काडीचाही उपयोग नाही. कळशी राहू दे. यकृत किती सावरतं ते बघू.”

घरी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मी स्टीलच्या पेल्यात दिलं. त्यांनी आत डोकावलंसुद्धा नाही. घटाघटा प्यायले आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला.

“अहो, एकदा वास तरी घ्यायचा!” मी ओरडले, आणि तिथेच मला रडू फुटलं.